'घाण फिल्म' म्हणे!

शाळेत सुरक्षित-असुरक्षित स्पर्शावरची फिल्म दाखवणार आहेत म्हणून ताईकडे संमतीपत्र आलं. ताईने त्यावर 'नाही' लिहून परत पाठवलं. शिकलेली बाई, बँकेत नोकरी. कारण विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. 'पालकांनो, जागे व्हा'ने सुरू होणारा तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं असं: शाळा मुलांना 'घाण फिल्म' दाखवतात. असले प्रकार मुंबई-दिल्लीचे, आपल्या संस्कारी घरांत होत नाहीत. धोका अनोळखी माणसांचा. पोट्ट्यांना तर हे दाखवायची गरजच नाही. पाहून मुलं घाबरतात. कायद्यात असं काही नाही. आणि डिप्रेशन हे सिनेमावाल्यांनी आणलेलं फॅड, आत्महत्येच्या फिल्म पाहूनच मुलं जीव देतात. खाली 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा'. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही.

'धोका अनोळखी माणसांचा' हे वाक्य आधी घेतो, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बाल अत्याचारांवरचा अहवाल काढला. 13 राज्यांतली 12,447 मुलं त्यात बोलली, महाराष्ट्रातलीही. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलं कुणालाच काही बोलली नव्हती. अहवाल जुना आहे, पण सरकारचाच आहे, आणि 'आपल्या घरांत होत नाही' म्हणणाऱ्याकडे तेवढाही कागद नाही.

आता हे घरात लावून बघा. 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको' हे आपण पोरांना बजावतो. शिकवणीचे सर, वरच्या मजल्यावरचे काका, सुट्टीत राहायला येणारा मोठा दादा, यांच्याबद्दल काय सांगतो? 'काकांना पापा दे, असं नाही करत.' मूल अंग चोरतं तर आपणच त्याला पुढे ढकलतो. मग एक दिवस तेच मूल म्हणतं, मला त्यांच्याकडे नाही जायचं, तेव्हा ते आपल्याला हट्ट वाटतं. मुलांसाठी काम करणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेची 'कोमल' ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म नेमकी इथे बोट ठेवते. त्यातला माणूस शेजारी आहे, घरात येणारा-जाणारा. कार्टूनच्या रेषांत काढलेल्या या गोष्टीत घाण काय आहे ते मेसेजवाल्याने दाखवावं. बहुधा पाहिलेलीच नाही.

आणि मुंबई-दिल्लीचे प्रकार? बाप्पा! 'कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, लैंगिक अत्याचार नाही' हा जानेवारी 2021 चा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा होता. पेरू देतो म्हणून 12 वर्षांच्या मुलीला घरी नेल्याचं ते प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 ला तो निकाल रद्द केला आणि स्पर्शामागचा हेतू महत्त्वाचा असं सांगितलं. जी गोष्ट ठरवायला दिल्लीपर्यंत जावं लागलं, ती नऊ वर्षांच्या पोरीला कुणी न सांगता आपोआप कळावी, अशी या लोकांची अपेक्षा आहे.

पोट्ट्यांना गरज नाही, हेही त्याच अहवालाने मोडीत काढलंय. छळ सांगणाऱ्या मुलांमध्ये 52.94 टक्के मुलगे होते. घाबरण्याचं म्हणाल तर वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये शाळांतल्या अशा कार्यक्रमांच्या 24 चाचण्या एकत्र तपासल्या. मुलांची समज वाढलेली दिसली, भीती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे: पॉक्सोचं कलम 43 वाचा, जनजागृती करणं सरकारला बंधनकारक आहे.

आता आत्महत्येच्या फिल्मबद्दल. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही नेटफ्लिक्सची मालिका 2017 च्या मार्चअखेर आली. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 10 ते 17 वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा 28.9 टक्के जास्त झाल्याचं एका अभ्यासात दिसलं. कारण तीच मालिका असं संशोधकांनीही ठामपणे म्हटलं नाही, पण नेटफ्लिक्सने 2019 मध्ये मालिकेतला आत्महत्येचा प्रसंग कापला. म्हणजे कसं दाखवता याला महत्त्व आहे. पद्धत दाखवू नका, मदत मागून सावरलेला माणूस दाखवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. यातून 'काहीच दाखवू नका' कसं निघतं?

डिप्रेशनला फॅड म्हणणाऱ्यांसाठी एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, 2022 चा आकडा: देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. आणि आपल्याकडे अजून 'पागलखान्यात टाकू का तुला?' ही चेष्टा चालते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत पोराला न्यायचं तर नातेवाइकांना ताप आलाय म्हणून सांगतात. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर किती घरांत माहीत आहे?

मेसेजवाल्याने खरी शंका घेतलीच नाही, ती मी घेतो. दोनशे पोरं हॉलमध्ये कोंबून फिल्म लावायची, टाळ्या, फोटो, संपलं, असंही पुष्कळ ठिकाणी होतं. फिल्म संपल्यावर एखादं मूल तोंड उघडतं. त्या वेळी समोर कोण बसलंय? पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे त्या शिक्षिकेला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. तेव्हा शाळेत जाऊन भांडायचंच असेल तर यावर भांडा: फिल्मनंतर मूल कुणाजवळ बोलेल, आणि ती बाई 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावेल की आधी संस्थाचालकांच्या केबिनमध्ये जाईल?