दाराआडचा माणूस : निपाणीच्या वाचकांना उत्तर

कोविडकाळातल्या घटस्फोटाच्या मध्यस्थीवरच्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘मोबाइलवरची मध्यस्थी म्हणजे नाटक. बाईच्या मागं दाराआड सासरा उभा असला तर मिडिएटरला कसं कळणार? खानापूरच्या रानात रेंज तरी असते का? संथिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे नाकारलंय. पण तुमचा धंदा चालला ना!’

साहेब, प्रश्न विचारा की, ‘नाटक’ आणि ‘धंदा’ कशाला? उमेदीची वर्षं ज्यानं मध्यस्थीच्या टेबलाशी घालवली, त्याच्याशी बोलायची ही रीत नव्हे. रेंजचं मात्र मान्य. कणकुंबी-जांबोटीकडं व्हिडिओचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आता दाराआडचा माणूस. पहिली गोष्ट, विभक्त राहणारी बाई बहुतेक वेळा माहेरी असते. तेव्हा दाराआड सासरा नसतो, भाऊ असतो, आणि ‘घे पैसे, मोकळी हो’ हा दबाव त्याचाच असतो. तो कोर्टाच्या व्हरांड्यातही तिच्या शेजारीच बसलेला असायचा. तेव्हा कुणी नाटक म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट, हे ओळखायची पद्धत आहे. एकत्र बैठकीआधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं, बाईशी तिच्या स्वतःच्या नंबरवर, वकिलाशिवाय. आधी कॅमेरा खोलीभर फिरवून घ्यायचा, दार दिसेल असा ठेवायला सांगायचा. तिनं इयरफोन लावायचाच, म्हणजे आपला प्रश्न बाहेर ऐकू जात नाही. मग ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न: शेजारी कोण आहे का, रकमेचा आकडा दुसऱ्यानं ठरवला का, आज थांबायचं का. ‘आवाज तुटतोय’ ही खूण आधीच ठरवायची. ती म्हणाली की कॉल बंद, नवी तारीख. घरात आडोसाच नसेल तर तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात बसवायचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि फोनवर ठरलं म्हणून घटस्फोट होत नाही हो! समझोत्याचा कन्नड किंवा इंग्रजी मेमो तिला मराठीत वाचून दाखवायचा, प्रत हाती द्यायची, दोन दिवस जाऊ द्यायचे, मगच सही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली (दोघांच्या संमतीचा घटस्फोट) पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि हुकूमनाम्यापर्यंत संमती मागं घेता येते. सुप्रीम कोर्टाचा सुरेष्टा देवी निकाल १९९१ पासून हेच सांगतो. सहा महिन्यांची सूट २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानं मिळू शकते, पण दबावाचा जरा जरी संशय असेल तर मिडिएटरनं ती सुचवूच नये. तुमच्या दाराआडच्या माणसावरचा खरा उपाय तो कालावधीच आहे.

संथिनीचा निकाल ९ ऑक्टोबर २०१७ चा, दोन विरुद्ध एक. तेव्हा कोविड नव्हता, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका बंद नव्हता. पुढं बोलत नाही.

खरी गडबड कॅमेऱ्यात नव्हतीच, डिमांड ड्राफ्टमध्ये होती. ड्राफ्टची मुदत तीन महिने. कोर्टातल्या पहिल्या जबाबाच्या वेळी काढलेला ड्राफ्ट वकिलाकडं, तारीख पुढं गेली, मुदत संपली. नवी मुदत मिळवायला ड्राफ्ट काढणाऱ्यानंच त्याच्या बँकेत जावं लागतं, आणि नवरा कोल्हापुरात. म्हणून रक्कम सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या जबाबाच्या दिवशीच आरटीजीएसनं, खाते क्रमांक मेमोत, असं लिहून घ्यायचं. दागिन्यांची यादी वजनासह, ग्रॅममध्ये. नुसतं ‘पाटल्या, गंठण’ लिहिलं की पुढं भांडण. मुलांच्या भेटीचंही तसंच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर लागायचा. त्यामुळं ‘वाट बंद असेल तर त्याच वेळी व्हिडिओ कॉल, बुडलेली भेट पुढच्या सुट्टीत’ हे कलम नसेल तर बाप नाक्यावर आणि आई ‘तो आलाच नाही’ म्हणून कोर्टात.

यातलं एकही तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

राहिला धंदा. कोर्टानं मध्यस्थी केंद्राकडं पाठवलेल्या प्रकरणात पक्षकाराला मिडिएटरची फी द्यावी लागत नाही. एवढं तरी निपाणीत विचारून घ्यायचं होतं.