समुद्राचे वेळापत्रक आणि आपली रजा

गोव्यात मांडवी नदीकाठच्या रायबंदरला राहणाऱ्या माणसाला त्या नदीचे वेळापत्रक वेगळे शिकावे लागत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की आग्वादच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागतात आणि खनिजाच्या बार्जना तो मार्ग सोडून कुंभारजुव्याच्या खाडीतून झुवारीकडे वळावे लागते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरही किनाऱ्याला बांधलेले असतात. समुद्रावर कधी जायचे हे येथे माणूस ठरवत नाही, आणि सतरा वर्षांची हिशेब तपासणीची नोकरी सोडून मी सात महिने शिडाच्या नौकेवर का घालवले, याचे माझे खरे उत्तर यातच आहे.

आमच्या परिचयातील एका निवृत्त दांपत्याची ३८ फुटी नौका आहे. त्यांना दोन खलाशी हवे होते आणि मला गेली सहा वर्षे दर रविवारी मांडवीत शीड हाताळण्याची सवय होती. जानेवारीत गोव्याहून निघून कोचीमार्गे मालदीवला जायचे, तेथील प्रवाळद्वीपे पाहत विषुववृत्त ओलांडून अड्डूपर्यंत उतरायचे आणि वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी, एप्रिलअखेर, कोचीला परतायचे, असा बेत होता. ईशान्येकडील वारे स्थिर असतात त्या चार महिन्यांतच हा प्रवास सुखरूप होतो. तयारीसाठी त्याआधीचे दोन महिने आणि परतल्यावर नौका उतरवून पावसाळ्यासाठी बांधून ठेवण्याचे काही आठवडे धरले, की हिशेब सात महिन्यांचा होतो. मी बिनपगारी रजा मागितली. आजारपण किंवा बाळंतपण यांखेरीज एवढी रजा देण्याची तरतूद नाही, असे मला सांगण्यात आले, आणि ऑक्टोबरअखेर मी राजीनामा दिला.

दक्षिण महासागर ओलांडणाऱ्या नाविकांचेही असेच असते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी'वर तशाच प्रदक्षिणेला निघाल्या. या दोन्ही नौकांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घातला तो जानेवारीत, कारण दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यातच त्या भूशिराजवळून जाण्याचे धाडस शहाणपणाचे ठरते. 'तारिणी' २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतली, म्हणजे २५४ दिवसांनी. या साऱ्याची कल्पना मांडली ती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. दोंदे २००६ मध्ये पुढे आले आणि नौका बांधून, शिकून, सराव करून निघेपर्यंत तीन वर्षे गेली. ती 'म्हादेई' आमच्या घरासमोर, नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर घडली, याचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र हे सारे नौदलाच्या सेवेत होते आणि समुद्र हेच त्यांचे कर्तव्य होते. खासगी नोकरी करणाऱ्या माणसाला तो दरवाजा नसतो, आणि म्हणून त्याच्यापुढे राजीनामा हा एकच मार्ग उरतो.

गोवा ते कोची हे अंतर सुमारे साडेतीनशे सागरी मैल आहे, म्हणजे पाच नॉटच्या वेगाने तीन दिवस. पहिल्या रात्री मला बोट लागली. दुसऱ्या रात्री माझा पहारा मध्यरात्री ते तीन होता. आम्ही किनाऱ्यापासून फार दूर नव्हतो, कारण पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा आणि दुपारनंतरचा खारा वारा या दोहोंचा उपयोग करत दक्षिणेकडे सरकायचे होते. मंगळूरच्या पुढे समुद्रात मासेमारीच्या जाळ्यांचे लुकलुकणारे दिवे इतके पसरलेले होते की नकाशाचा पडदा सोडून सतत डोळ्यांनीच पाहावे लागे. मोठी जहाजे पडद्यावर नावानिशी दिसतात, पण लहान होड्या दिसत नाहीत. तीन तास दुसरा कोणताही विचार न करता एका क्षितिजाकडे पाहत राहणे मला सतरा वर्षांत जमले नव्हते. वाऱ्याचा जोर वाढण्याआधी शीड आखूड करायचे असते, वाढल्यावर नव्हे, हेही मी त्याच आठवड्यात शिकले, आणि तेही हात सोलून घेऊन.

परतल्यावर मुलाखतींमध्ये मला विचारले गेले की मधल्या सात महिन्यांत मी 'काहीच' केले नाही का. चार माणसांचे पाणी, डिझेल, शिधा आणि औषधे यांचा रोजचा हिशेब मी ठेवला, थकलेल्या माणसांबरोबर पंचवीस चौरस मीटरपेक्षा कमी जागेत चार महिने राहिले आणि दर तीन तासांनी हवामानाच्या नोंदी केल्या. याला रिकामा काळ म्हणणे मला मान्य नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. हे मला शक्य झाले, कारण माझी धाकटी बहीण फोंड्याहून येऊन आईजवळ राहिली, घराचे कर्ज फिटलेले होते आणि सहा वर्षांची बचत हाताशी होती. भविष्य निर्वाह निधीला मी हात लावला नाही. राजीनाम्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमा संपतो, हे मात्र मला उशिरा लक्षात आले. निघण्यापूर्वी स्वतःचा विमा घेण्यासाठी मला धावपळ करावी लागली. जे हा विचार करत असतील, त्यांनी ते काम सर्वांत आधी करावे. आणि घरी मागे राहणाऱ्या माणसाशी तारखांसह बोलावे, मोघम बोलू नये. माझ्या बहिणीने तीन वेळा विचारले, "ताई, नक्की कोणत्या तारखेला येशील?" आणि तिचा हा प्रश्न पूर्णपणे रास्त होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की दहा वर्षे काम केलेल्या माणसाला, कारण न विचारता, एकदा सहा-सात महिन्यांची बिनपगारी रजा मिळण्याची लेखी तरतूद कंपन्यांनी करावी. अनुभवी माणूस गमावून नवा शोधण्यापेक्षा त्याच्या परतीची तारीख ठाऊक असणे मालकालाही सोयीचे आहे. माझ्या सध्याच्या कचेरीत मी असा मसुदा गेल्या महिन्यात लेखी दिला आहे. त्यावर दोघा तरुण सहकाऱ्यांनीही सह्या केल्या. त्यांतील एकीला हिमालयात जायचे आहे, आणि तिच्याही तारखा ऋतूच ठरवणार आहे.