एफडीवर नाव माझं, मग पैसे कोणाचे?

काल कट्ट्यावर जाम वाजलं. विषय काढला आमच्या जाड्याने. त्याचे वडील गेले त्याला आता बरेच महिने झाले, एफडीवर नॉमिनी हा एकटाच, बँकेने पैसे सरळ ह्याच्या खात्यात टाकले आणि आता बहीण म्हणतेय माझा हिस्सा दे. ह्याचं पालुपद एकच, बँकेने मला दिले म्हणजे माझे, बँक काय येडी आहे का?

आमच्यातला बँकवाला आधी त्याच्याच बाजूने बोलतोय असं वाटलं. म्हणे नॉमिनी असला की आम्ही वारसबिरस बघत बसत नाही, मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, नॉमिनीचं ओळखपत्र, विषय संपला, एफडीची मुदत बाकी असली तरी मोडून देतो आणि दंड कापत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत तर कागद पूर्ण आले की १५ दिवसांत क्लेम निकाली काढा असं आहे, बँकेमुळे उशीर झाला तर वर व्याज द्यायचं. जाड्या खूश. मग हा हळूच म्हणतो, "पण पैसे दिले की आम्ही सुटलो, तू नाही सुटलास."

कट्ट्यावरचा वकील ह्याचीच वाट बघत होता. १९८३ मध्ये विम्याच्या केसमध्ये, २०१० मध्ये बँक खात्याच्या, २०२३ मध्ये शेअर्सच्या, सुप्रीम कोर्टाने तेच तेच सांगितलंय की नॉमिनी मालक होत नाही, त्याने पैसे घ्यायचे आणि वारसांचे वारसांना द्यायचे. विम्यात २०१५ पासून आईवडील, नवराबायको, मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आली, पण तिचा अर्थ काय ह्यावर कोर्टांचं अजून एकमत नाही, ते जाऊदे म्हणाला, तुझी एफडी आहे.

"मग नॉमिनी करायचाच कशाला?" जाड्या तापला. प्रश्न बरोबर होता खरं तर.

बँकवाला म्हणाला, नॉमिनी नसता तर तुला कळलं असतं. १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सगळ्या वारसांच्या सह्या, ना-हरकत, इंडेम्निटी बाँड (पुढे कोणी दावा केला तर नुकसान आम्ही भरू असं लिहून देणं) एवढ्यावर भागतं. त्याच्या वर रक्कम असली किंवा एक जरी वारस अडून बसला तर बँक सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा कोर्टाचा दाखला, मागू शकते, मग कोर्टात अर्ज, पेपरात नोटीस, हरकतींची मुदत, महिने सहज जातात आणि कोणी खरंच भांडायला आलं तर वर्षं. नॉमिनी असला की पैसे लवकर हातात येतात, तेवढाच त्याचा उपयोग.

"ठीक आहे, अर्धे देतो तिला."

वकील हसला. मृत्युपत्र आहे का? नाही. पप्पा तोंडाने नेहमी म्हणायचे की सगळं तुझंच. वकील म्हणाला तोंडाचं राहूदे, स्वतःच्या कमाईचं कोणालाही देता येतं पण कागदावर, दोन साक्षीदारांसमोर. कागद नाही म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा, घरात कोण कोण? आई, मी, बहीण. "आणि आजी?" आजी आहे की. "मग चार सारखे हिस्से, तुझा पाव."

इथे सगळेच गप्प झालो कारण आजी कोणाच्याच हिशोबात नव्हती. गेलेल्या माणसाची आई पहिल्या वर्गातली, म्हणजे आधी हक्क असलेली वारस, वडील मात्र दुसऱ्या वर्गात, आता हे असं का ते करणाऱ्यांनाच माहीत. आणि खरी मेख पुढे आहे, आजीने तो पाव हिस्सा घेतला आणि उद्या मृत्युपत्र न करता गेली तर त्यात काका, आत्या सगळे येतात. जाड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कोणीतरी टॅक्सचं काढलं. वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही, पण पप्पा गेल्यानंतरचं व्याज ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या उत्पन्नात धरायचं. आणि पप्पांचं पर्सनल लोन बाकी होतं ते? ते आधी ह्याच पैशातून जाणार, उरेल त्याचे चार भाग. पैसे कमी पडले तर मुलाने खिशातून भरायची सक्ती नाही, हमीदार म्हणून सही केलेली नसेल तर. ह्यावर बँकवाला जरा नाराजच दिसला.

"मग आजीचा अंगठा घेऊन टाकतो कुठेतरी," जाड्या म्हणाला आणि त्याला सगळ्यांनी मिळून झापला. तिला स्वतःहून सोडायचं असेल तर नीट वाचून दाखवून, लेखी घ्या, नाही म्हणाली तर तिचे पैसे तिला द्या, भांडण कसलं त्यात.

शेवटी बँकवाल्याने विचारलं, तुझ्या स्वतःच्या खात्याला नॉमिनी कोण रे? विचार करून म्हणतो, "पप्पा." बदलला नाहीये अजून. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचे टक्के लिहून, असं कळल्यावर आता आईला किती आणि बायकोला किती ह्यावर जाड्याचं नवीनच सुरू झालं, ते ऐकायला मी थांबलो नाही.