दरडोई कर्जाचा भागाकार

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की एक वाक्य हमखास कानी पडते: राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर अमुक हजारांचे कर्ज आहे. विरोधी बाकांवर कोणताही पक्ष असो, वाक्य तेच राहते. मी जपानमध्ये राहतो आणि इथली वर्तमानपत्रेही हा हिशेब नेमाने छापतात. २०१३ मध्ये सरकारी कर्ज १००० लाख कोटी येनच्या पुढे गेले तेव्हा ते माणशी सुमारे ८० लाख येन भरत होते. आता ते एक कोटी येनच्या वर, म्हणजे रुपयांत ५५ ते ६० लाखांच्या घरात गेले आहे.

जपान आणि महाराष्ट्र यांची लोकसंख्या जवळपास सारखी, साडेबारा कोटींच्या आसपास, असल्यामुळे तुलना सोपी होते. महाराष्ट्राचे कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये अंदाजले आहे, म्हणजे माणशी साधारण ७३ हजार. केंद्राच्या कर्जाचा वाटा मिळवला तरी दोन लाखांच्या आसपास. या मापाने जपान केव्हाच बुडायला हवा होता. तो तरला, कारण ते कर्ज येनमध्ये आहे, त्यातले बहुतांश देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांनी दिले आहे, आणि जवळपास निम्मे सरकारी कर्जरोखे तर बँक ऑफ जपान या मध्यवर्ती बँकेकडेच आहेत. ज्या बाळावर एक कोटीचे ओझे सांगितले जाते, त्याच्याच आजीच्या ठेवींतून ते उभे राहिलेले असू शकते. भागाकारात ऋणको दिसतो, धनको दिसत नाही.

शिवाय भाजक कोणता घ्यायचा? २०११ च्या जनगणनेतील ११.२४ कोटी धरले, तर महाराष्ट्राचे तेच कर्ज माणशी ८३ हजार होते. एक पैसाही न उचलता दहा हजारांची वाढ. जपानमध्ये लोकसंख्या घटत असल्यामुळे कर्ज स्थिर राहिले तरी दरडोई आकडा चढतच राहील. त्या भागाकारात माझ्यासारखे इथे राहणारे परदेशीही धरलेले असतात, पण माझ्याकडून वसुली डोई मोजून होत नाही. ती दुकानाच्या पावतीवर होते: तांदळावर ८ टक्के, साबणावर १० टक्के. हा उपभोग कर १९८९ मध्ये ३ टक्के होता.

म्हणून महाराष्ट्राने निर्धास्त राहावे, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. जपानला स्वतःचे चलन आहे, राज्याला नाही. आणि व्याजदर वाढू लागल्यापासून जपानलाही व्याजाची चिंता लागली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार राज्याच्या महसुली जमेतल्या दर शंभर रुपयांपैकी साडेअकरा रुपये व्याजात जातात, हा आकडा मला ७३ हजारांपेक्षा कितीतरी बोलका वाटतो. त्याहून गंभीर आहे ती त्याच अर्थसंकल्पातली ४५ हजार कोटींहून अधिकची महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला महसूल कमी पडणे. कालव्यासाठी किंवा मेट्रोसाठी काढलेल्या कर्जामागे काहीतरी उभे राहते आणि त्या बाळालाही ते वापरता येते. पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये यांसारखे चालू खर्च महसुलात बसत नाहीत, तेव्हा तेवढे कर्ज निव्वळ मागे उरते. त्या बहिणींना पैसे मिळू नयेत असे माझे म्हणणे नाही. ते कोणत्या करातून द्यायचे, हे सभागृहात कोणी स्पष्टपणे सांगत नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती दोन्ही बाकांविषयी आहे.