‘सूर्यदेवीचं कुत्रं केलं’: ‘ओकामी’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘ओकामी’ या जपानी व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि बऱ्याच रागाने लिहिलंत. त्यात आपण प्राण्याच्या रूपातली जपानी सूर्यदेवी अमातेरासू होऊन खेळतो; आठ डोक्यांच्या ओरोची या सर्पाला मारून झाल्यावर तुम्ही गेम बाजूला ठेवलात. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चित्रं देखणी, पण खाली खेळ पोकळ, अमातेरासूसारख्या सूर्यदेवीचं कुत्रं केलं, सुसानोओसारख्या देवाला दारुडा आणि भित्रा करून टाकलं, पुराणच जाणून घ्यायचं तर मूळ ग्रंथ वाचावा, आणि २००६ सालच्या गेमवर आज लिहायचं कारणच काय? दोन ओळींत यांना उत्तर देणं तुमच्यावर अन्याय झाला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मूळ ग्रंथ वाचावा हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच सुसानोओपासून सुरुवात करते. इ. स. ७१२ मधल्या ‘कोजिकी’त, म्हणजे जपानी पुराणकथांच्या जुन्या ग्रंथात, हा देव कसा येतो? हिरवे डोंगर सुकून जावेत इतका रडतो. स्वर्गात बहिणीकडे, म्हणजे अमातेरासूकडे, जातो आणि तिच्या भातखाचरांचे बांध फोडतो, पाट बुजवतो, नव्या पिकाच्या सोहळ्याच्या दालनात घाण करतो, सोललेला घोडा विणकामाच्या घराचं छप्पर फोडून आत टाकतो. त्यात एक विणकरीण मरते. अमातेरासू गुहेत जाऊन बसते ती या प्रकारानंतर. त्याला हाकलून देतात आणि मग इझुमो प्रांतात, नदीकाठी रडणारं म्हातारं जोडपं भेटल्यावर, त्याच्या हातून पहिलं चांगलं काम होतं: आठ पिंपं साके (तांदळाची दारू) पाजून आठ डोक्यांच्या ओरोचीला मारणं आणि त्या जोडप्याच्या मुलीला, कुशिनादाला, वाचवणं. गेममधला सुसानो पराक्रमी पूर्वजाच्या नावाखाली दबलेला, बढाईखोर, पिणारा, वेळ आली की पळणारा आहे. पूर्वजांची दंतकथा खोटी ठरवण्याच्या हट्टापायी ओरोचीला मोकळं सोडणाराही तोच. आधी नुकसान करायचं आणि मग ते निस्तरताना माणूस व्हायचं, हा प्रवास मूळ कथेतलाच आहे. मला तर ‘कोजिकी’तल्यापेक्षा गेमने त्याला सौम्यपणेच वागवलेलं दिसतं.

पुराणात फेरफार केला म्हणून तुम्ही चिडला आहात. ७२० साली पूर्ण झालेला ‘निहोन शोकी’ हा तर दरबाराने करवून घेतलेला इतिहास. त्यात देवांच्या काळातला एक प्रसंग सांगून झाला की खाली ‘एका ग्रंथात असं म्हटलं आहे’ म्हणत दुसरी कथा येते, मग तिसरी. ‘कोजिकी’त अमातेरासू आदिदेव इझानागीने डावा डोळा धुतल्यावर जन्मते, ‘निहोन शोकी’च्या मुख्य कथेत ती इझानागी आणि इझानामी या जोडप्याची मुलगी आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या संकलकांनी या कथा शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

आता ‘कुत्रं’. तो लांडगा आहे, आणि हा फरक किरकोळ नाही. सैतामा प्रांतात चिचिबूच्या डोंगरात मित्सुमिने देवस्थान आहे. तिथे दारावर लांडग्यांच्या दगडी मूर्ती बसलेल्या असतात आणि लांडग्याचं चित्र छापलेला कागद लोक आग आणि चोरीपासून रक्षण म्हणून घरी नेतात. पिकं खाणाऱ्या हरणांना आणि रानडुकरांना मारणारा हा प्राणी डोंगरातल्या शेतकऱ्यांना राखणदार वाटायचा. आणि तो जपानमधून संपला. शेवटची पक्की नोंद १९०५ ची, नारा प्रांतातली. ज्या प्राण्याची लोकांनी पूजा केली आणि जो त्यांच्याच देशात उरला नाही, त्याच्या रूपात सूर्यदेवीला ओसाड झालेल्या रानात परत आणायचं, हे सुचणाऱ्याने देवीचा अपमान केला असं मला काही केल्या म्हणवत नाही.

चित्रांच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी कडाडून भांडणार आहे. ‘ओकामी’ आधी हुबेहूब खऱ्यासारखा दिसणारा गेम व्हायचा होता. प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलला ते पेलेना. दिग्दर्शक हिदेकी कामिया आणि गेम बनवणाऱ्या क्लोव्हर स्टुडिओतली मंडळी मग शाईच्या चित्रांकडे आणि उकियो-ए या जुन्या जपानी छापचित्रांकडे वळली, आणि जग चित्रच असेल तर खेळणाऱ्याने त्यात काढावं, ही कल्पना तिथून आली. म्हणजे चित्र वरून चढवलेलं नाही, खेळच चित्रातून निघाला आहे.

हातात कसं येतं ते आठवून बघा. बटण दाबलं की सगळं थांबतं, रंग उडतात, समोर पिवळसर कागद उरतो आणि त्यावर ओला कुंचला. रात्रीच्या आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो. वठलेल्या झाडाभोवती गोल फिरवला की ते फुलतं. आडवी रेघ मारली की शत्रू कापला जातो. आणि ओरोचीच्या लढाईत साकेपासून त्याच्या जबड्यापर्यंत तुम्ही स्वतः रेघ ओढता, त्याला पाजता. तेराशे वर्षं सांगितली जाणारी गोष्ट तुमच्या मनगटातून पुढे सरकते. याला पोकळ म्हणता?

शाई संपते तेव्हा काय होतं, हे तुमच्या नजरेतून सुटलं असावं. अमातेरासूच्या अंगावरच्या लाल खुणा, पाठीवरचा आरसा, सगळं नाहीसं होतं आणि पडद्यावर एक साधा पांढरा लांडगा उरतो. गावातल्या बहुतेक लोकांना ती कायम तशीच दिसते. देवी समोर उभी असते आणि ते तिला हाडहूड करतात. आपल्याला ती दिसते, त्यांना नाही; आणि शाई उधळली की काही काळ आपणही त्यांच्यातलेच होतो. श्रद्धा ओसरलेल्या जगात देवाचं काय होतं हे एकही वाक्य न बोलता सांगितलंय. तिची ताकद वाढवणारी स्तुतीसुद्धा राक्षस मारून मिळत नाही. ती झाडं फुलवून, चिमण्यांना दाणे टाकून, कुणाचं अडलेलं काम करून मिळते. (शेवट माहीत नको असेल तर पुढचं वाक्य सोडा.) अखेरच्या लढाईत तिची शक्ती परत येते ती तिचा चिमुकला चित्रकार सोबती इसुन गावोगाव तिची चित्रं पोचवतो आणि लोक हात जोडतात म्हणून.

सुरुवात संथ आहे, हे खरं. देवीचा चिमुकला सोबती इसुन याची बडबड पुष्कळ आहे. तुम्ही पुढे गेलात तर ओरोची आणखी दोनदा भेटेल हेही आत्ताच सांगते. तिसऱ्यांदा तीच आठ डोकी बघून मलाही कंटाळा आला होता. तीस-चाळीस तासांच्या गेममध्ये ही काटछाट करायला हवी होती.

आज का लिहायचं? गेम जपानमध्ये २० एप्रिल २००६ ला आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रकाशक कंपनी कॅपकॉमने क्लोव्हर स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुसरा भाग कामियांकडून येणं तिथेच संपलं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच दिग्दर्शनाखाली पुढचा भाग जाहीर झाला. इतक्या वर्षांनी परत येणाऱ्या गोष्टीचा पहिला भाग लोकांनी आत्ता खेळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तुमची सेव्ह फाइल अजून असेल तर पुसू नका. तुम्ही थांबलात तिथून पुढे सेइआन शहर आहे, राणी हिमिको आहे आणि मग उत्तरेचा बर्फाळ कामुई, जिथे उत्तर जपानच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांच्या कथांवरून घडवलेली ओइना जमात राहते. ते स्वतः लांडग्यासारखं रूप घेऊ शकतात. तुमचा ‘कुत्र्या’चा आक्षेप तिथे गेल्यावरही टिकला तर पुन्हा लिहा, मी पुन्हा उत्तर देईन. आणि निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर खेळत असाल तर ते हातात धरून बोटाने पडद्यावर रेघ ओढून बघा. कंट्रोलरच्या काठीपेक्षा गोल नीट येतो.