चारचौघांत घाम

डॉक्टरांनी रिपोर्टचे कागद उलटसुलट करून पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "चालायला जा." मी विचारलं, "घरातल्या घरात चाललं तर?" त्यावर "मोकळ्या हवेत जा हो, बरं वाटेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मोकळ्या हवेत माणसंही असतात, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

घरात माणूस कण्हला, धडपडला, पोट आत ओढायला विसरला, तरी कुणी बघत नाही. बाहेर गेलं की देहाची सगळी गाऱ्हाणी चव्हाट्यावर येतात. हे मला पहिल्याच पहाटे कळलं, आणि तेही गाण्यामुळे.

झालं असं, की किती वेगाने चालायचं हे मी आधी वाचून ठेवलं होतं. (कुठल्याही कामातला माझा निम्मा उत्साह वाचण्यातच खर्ची पडतो.) जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. आता मध्यम म्हणजे किती? त्याची एक सोपी परीक्षा आहे. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये.

बोलायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून मी गाऊन पाहिलं. दोन कडवी आरामात झाली, म्हणजे वेग कमी पडत होता. वाढवला. आता धृपदातच धाप लागली. आणखी थोडा वाढवला, तर शब्द सुटे सुटे पडायला लागले आणि मधल्या जागा धापेने भरून निघू लागल्या. पुढे वीसेक पावलांवर कानटोपी घातलेले एक काका शांतपणे चालले होते. त्यांनी एकदा मान वळवून मागे पाहिलं आणि झपझप चालू लागले. त्यांचा वेग वाढलेला बघून मलाही चेव आला. वळणावर तर काका चक्क पळाले. अंधारात आपल्या मागून कुणीतरी धापा टाकत, तुटक तुटक गात येतंय... त्यांच्या जागी मी असतो तर कुंपणावरून उडी मारली असती.

व्यायाम जोरकस असेल तर निम्मी मिनिटं पुरतात, असंही त्या वाचनात होतं. काकांचा आठवड्याचा बराचसा कोटा त्या पहाटे पुरा झाला असणार. त्यांना तसं कळवायची काही सोय नव्हती.

त्या दिवशी माझं काहीच दुखलं नाही. संध्याकाळपर्यंत मी घरात एखाद्या पैलवानासारखा वावरत होतो. बायको म्हणाली, "उद्या बघू." तिला काय माहीत होतं कोण जाणे, पण हे दुखणं उसंत घेऊनच येतं. सवय नसलेल्या व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तासांत ते ऐन भरात असतं. पूर्वी याचा दोष लॅक्टिक ॲसिडला द्यायचे, पण ते बिचारं तासाभरात निघून गेलेलं असतं. खरं कारण स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजा. आणि त्या जास्त होतात त्या उतरताना, कारण तेव्हा स्नायूला ताणलं जाता जाता भार पेलावा लागतो. दुसऱ्या दिवशी हुरूप टिकून होता म्हणून मी टेकडी चढलो आणि अर्थातच उतरलोही. तिसऱ्या दिवशी घराचा जिना मी पाठमोरा, कठड्याला मिठी मारून उतरत होतो. शेजारच्या वहिनी वर येत होत्या. त्यांनी थांबून विचारलं, "काही विसरलात का वर?"

कुत्र्याचा प्रसंग चौथ्या दिवशीचा. चालणाऱ्याकडे तो ढुंकून बघत नसे, पण मी चार पावलं पळालो आणि त्याच्यातला पूर्वज जागा झाला. अशा वेळी पळायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, गुमान उभं राहायचं, हे मला पाठ होतं. मी उभा राहिलो. तो समोर बसला. मी एक पाऊल उचललं की तो उठायचा, खाली ठेवलं की बसायचा. असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात मनगटावरचं स्मार्टवॉच थरथरलं: 'तुमचा व्यायाम संपला आहे का?' 'हो' म्हणायला हात हलवावा लागणार होता, आणि हात जरा हलला की समोरून गुरगुर. शेवटी दूध टाकणारा मुलगा सायकलवरून आला, "चल रे," म्हणाला आणि कुत्रा शेपूट हलवत त्याच्यामागे गेला. जाताना दोघांनीही एकदा वळून माझ्याकडे पाहिलं.

बागेतल्या व्यायामाच्या यंत्रांबद्दल मी फारसं लिहिणार नाही. त्यातलं एक असं असतं, की दोन लोंबत्या पायट्यांवर उभं राहून हवेत चालायचं. चढणं सोपं. उतरायचं कसं, ते यंत्रावरच्या चित्रात नाही. एका सहा-सात वर्षांच्या मुलीने मला हात देऊन उतरवलं आणि लगेच आईला हाक मारून सांगितलं.

या सगळ्यात माझी एकच साथीदार गोष्ट म्हणजे ते घड्याळ. त्याला रोज दहा हजार पावलं हवीत. हा आकडा कुठल्या वैद्याने काढला असेल म्हणून शोधलं, तर तो विक्रीवाल्यांचा निघाला! १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानभर व्यायामाचं वारं शिरलं, आणि १९६५ मध्ये तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव कानाला गोड लागलं आणि जगाने ते प्रमाण मानलं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजारांच्या आसपास गेल्यावर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. मी ७२ वर्षांचा नाही आणि स्त्रीही नाही, तरी मी तो अभ्यास स्वतःला लावून घेतला. शिवाय एव्हाना मला एक गुपित कळलं होतं. हे घड्याळ पायांकडे बघतच नाही. मनगटाच्या हालचालीवरून ते पावलांचा अंदाज बांधतं. कपडे झटकून वाळत घातले तरी त्याला वाटतं, स्वारी फिरायला निघाली.

तिसऱ्या आठवड्यात ते कानटोपीवाले काका पुन्हा पुढे दिसले. मी तोंड मिटून चालत होतो. त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं आणि थांबले.

"आज गाणं नाही?"

"दम लागलाय, काका."

"मग वेग बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्याही डॉक्टरांनी हीच परीक्षा सांगितलीय. मी मनातल्या मनात गातो. लोक काय म्हणतील?"

तेव्हापासून आम्ही बरोबर चालतो. बोलता येतंय की नाही, हे सारखं तपासत राहावं लागतं, आणि चालता चालता नीट बोलणं होत नाही म्हणून दुसऱ्या फेरीनंतर आम्ही बाकावर बसतो. काका त्या पहाटेची हकीकत प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. दर वेळी त्यांच्या मागे लागलेला माणूस थोडा उंच होतो. मग मीही माझी बाजू मांडतो, दोन्ही हातांनी. परवा बाकावरून उठताना घड्याळात पाहिलं, तर बसल्या बसल्या चारशे दहा पावलं झाली होती.