‘उताराला गाईड कशाला?’ : हालेआकालाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हवाईमधल्या माउई बेटावरच्या हालेआकाला ज्वालामुखीवरून सायकलने उतरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही मोकळेपणाने आक्षेप घेतलेत. कंपन्या शिखराचं नाव सांगून अर्ध्या वाटेत सायकल देतात, ही फसवणूक आहे. नुसतं उतरायला गाईडचे पैसे कशाला. आणि वरंधा, ताम्हिणी उतरलेल्या माणसाला अमेरिकेतल्या गुळगुळीत रस्त्याची भीती दाखवू नये, असं तुमचं म्हणणं.

फसवणुकीचं आधी. शिखर 10,023 फुटांवर आहे आणि पूर्वी टूर तिथूनच सुटायच्या. 2007 साली एका जीवघेण्या अपघातानंतर हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाने आपल्या हद्दीत व्यावसायिक सायकल टूर बंद केल्या. तेव्हापासून गाडी तुम्हाला वर सूर्योदय दाखवते आणि सायकल हातात मिळते ती हद्दीबाहेर, साधारण 6,500 फुटांवर. हे बुकिंग करतानाच स्पष्ट सांगायला हवं, हे मला मान्य. पण नियम कंपनीचा नाही.

आता घाटांचं. 6,500 फूट म्हणजे सुमारे 1,980 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही वरून थेट समुद्राकडे, मध्ये दमछाक करणारा एकही मोठा चढ नाही. खरा धोका इथेच आहे. चढ आला की माणूस आपोआप सावध होतो, इथे ती संधीच येत नाही. सायकल आणि स्वार मिळून 100 किलो धरा. तेवढं वजन इतकं खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर पाच-सहा लिटर पाणी उकळेल. त्यातली काही हवेच्या विरोधात जाते, बाकीची ब्रेकना पचवावी लागते. सतत ब्रेक दाबून ठेवणारा नवखा माणूस ते तापवतो, हात बधिर करून घेतो आणि नेमका वळणावर जोरात दाबतो. गाईड पुढे राहून वेग ठरवतो, वळणाच्या आधी वेग उतरवतो, मागचे सगळे तसंच करतात. पैसे हा वेग ताब्यात ठेवण्याचे आहेत.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. तिथे वाहतूक उजवीकडून चालते. शिवाय भारतातल्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत तो डाव्या हाताला. घाबरल्यावर हात विचार करत नाही, सवयीने चालतो. ‘मागचा ब्रेक’ म्हणून डावा करकचून दाबला, तर तीव्र उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. वरंध्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, उलट तीच सवय घात करते.

स्थानिकांना त्रास होतो, हा तुमचा मुद्दा मात्र सगळ्यांत वजनदार आहे. कुला, मकावाओ ही राहती गावं आहेत; शाळेला, कामाला जाणारी माणसं तोच अरुंद रस्ता वापरतात आणि बऱ्याच भागात सायकलसाठी वेगळी जागा नाही. म्हणूनच मी गाईडचा आग्रह धरतो. चांगला गाईड मागे गाड्या साचल्या की सगळ्यांना बाजूला घेतो, त्या जाऊ देतो, मग निघतो. एकेकटे सोडलेले पर्यटक फोटोसाठी कुठेही थांबतात. ते पाहून तिथल्या माणसाचा संताप होणारच. गाईड घेणंही जमणार नसेल तर मोटारीनेच उतरावं, असं मी मनापासून सांगेन.

तुमचा पुतण्या पुढच्या महिन्यात जाणार आहे म्हणालात. त्याला दोन प्रश्न विचारायला सांगा: गाईड स्वतः सायकलवर पुढे असतो का, आणि मागे गाडी असते का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरी कंपनी बघावी. निघण्यापूर्वी सपाट जागेवर दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघावेत. वर कडाक्याची थंडी असते, म्हणून जाड जाकीट आणि हातमोजे हवेतच. सूर्योदयाला स्वतःच्या गाडीने जाणार असेल तर 2017 पासून आधी आरक्षण लागतं, ते आजच बघायला सांगा.